गाळे विकून उभा राहिलेला मॉल : घोडबंदर रस्त्यावरचे एक प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत २००६च्या दिवाळीत सुरू झालेल्या एका मॉलचे हे प्रकरण आहे. मॉलचे, विकासकाचे आणि गाळेधारकांचे नाव येथे दिलेले नाही. क्षेत्रफळ, भाडी आणि रकमा ठोक स्वरूपात दिल्या आहेत, म्हणजे हिशेब समजेल पण जागा ओळखू येणार नाही. गाळेधारकांच्या सोसायटीचा सल्लागार म्हणून २०२१पासून मला तिची इतिवृत्ते, देखभालीचे हिशेब आणि करारनामे पाहता आले. त्याआधीचा भाग त्या कागदांवरून आणि जुन्या गाळेधारकांच्या सांगण्यावरून मांडला आहे. मॉल ओस पडला की लोक ऑनलाइन खरेदीकडे बोट दाखवून मोकळे होतात. या मॉलचे दुखणे मात्र त्याहून जुने आहे, आणि इमारतीचा पाया भरला जात असतानाच ते जडले, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत हाजी अलीजवळ १९९९मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला आणि मॉल ही काय चीज आहे ते मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा जवळून पाहिले. राज्य सरकारने २००१मध्ये मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षे करमणूक करात सवलत देऊ केल्यावर, मोक्याचा भूखंड हाती असलेल्या प्रत्येक विकासकाला वरच्या मजल्यावर चित्रपटगृह आणि खाली दुकाने असा आराखडा खुणावू लागला. घोडबंदर रस्त्यावर त्याच सुमारास मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मोठमोठी गृहसंकुले उभी राहत होती. ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास होती. २०११मध्ये ती अठरा लाखांच्या वर गेली, आणि त्या वाढीचा मोठा वाटा याच पट्ट्यात सामावला गेला.

या नव्या वस्तीजवळ बाजार नव्हता. ठाण्याचा बाजार म्हणजे स्टेशनभोवतीचा परिसर: धान्य, मसाले आणि भांड्यांसाठी जांभळी नाका, कपड्यांसाठी गोखले रस्ता आणि राम मारुती रस्ता. पातलीपाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला साध्या शालेय बुटांसाठीही टीएमटीची बस किंवा रिक्षा करून तिथवर यावे लागे. त्यामुळे मॉलला गिऱ्हाईक मिळेल की नाही, ही शंका सुरुवातीला कोणालाच नव्हती, आणि ती नसणे योग्यच होते.

इमारतीत दोन तळघरे, तळमजला आणि वर तीन मजले होते. देखभालीसाठी आकारणीयोग्य क्षेत्र सुमारे दीड लाख चौरस फूट. त्यातले ३५ हजार चौरस फूट एका देशव्यापी हायपरमार्केटला आणि ३० हजार चौरस फूट तिसऱ्या मजल्यावरच्या चार पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला भाड्याने दिले होते. या दोन्ही जागा विकासकाने स्वतःच्या मालकीत ठेवल्या. उरलेल्या ८५ हजार चौरस फुटांत सुमारे १९० गाळे पाडले आणि ते विकून टाकले.

पहिला निर्णय : विक्री

मॉल दोन पद्धतींनी उभा करता येतो. संपूर्ण इमारत एका मालकाच्या हाती ठेवून दुकाने भाड्याने द्यायची, किंवा गाळे एकेक करून विकायचे. पहिल्या पद्धतीत बांधकामाचा पैसा परत यायला दहा-बारा वर्षे लागतात, पण कोणते दुकान कुठे असावे, कोणाचे भाडे कमी करावे, कोणाला बाहेर काढावे हे एकच माणूस ठरवतो. दुसऱ्या पद्धतीत इमारत पूर्ण होण्याआधीच पैसा हाती येतो. घरबांधणीतून आलेल्या विकासकाला दुसरीच पद्धत ठाऊक होती. २००४मध्ये व्याजाचे दर आणि त्याची स्वतःची ऐपत पाहता हा निर्णय मूर्खपणाचा म्हणता येणार नाही; त्याच्या जागी दुसऱ्या कोणीही बहुधा हेच केले असते.

गाळे घेणारे सुमारे दीडशे लोक होते. त्यात स्वतः दुकान चालवू पाहणारे थोडे आणि गुंतवणूकदार फार: नौपाड्यातले डॉक्टर, आखातात नोकरी करणारे, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हाती आलेले बँक कर्मचारी. त्यांना खेचून आणले ते ‘खात्रीच्या परताव्या’ने. पहिल्या मजल्यावरचा दोनशे चौरस फुटांचा गाळा घ्या, चौदा लाख भरा, आणि पहिली तीन वर्षे गुंतवणुकीवर वर्षाला बारा टक्के, म्हणजे महिना चौदा हजार रुपये, विकासक देईल. या दोनशे फुटांत प्रत्यक्ष वापरायला मिळणारे कार्पेट क्षेत्र अवघे एकशेवीस फूट होते. बाकीचे मार्गिका, जिने आणि मधल्या मोकळ्या चौकाच्या नावे चढवलेले.

त्या चौदा हजारांनी पुढे जो घोळ घातला तो समजून घेण्यासारखा आहे. त्या गाळ्याचे बाजारातले खरे भाडे आठ हजारांच्या आसपास होते. वरचे सहा हजार विकासक स्वतःच्या खिशातून, खरे तर खरेदीदारांनी भरलेल्या वाढीव किमतीतूनच, देत होता. तीन वर्षे दरमहा चौदा हजार खात्यात जमा झाल्यावर गाळेधारकाच्या मनात आपल्या गाळ्याचे भाडे तेवढेच आहे हे पक्के बसले. परतावा थांबल्यावर आठ हजार देणारा भाडेकरू दारात आला तेव्हा अनेकांनी त्याला परत पाठवले आणि चौदा देणाऱ्याची वाट पाहत शटर बंद ठेवले. मॉलमध्ये एक बंद शटर शेजारच्या दोन दुकानांचे गिऱ्हाईक कमी करते. २०१०-११मध्ये पहिल्या मजल्यावर दिसू लागलेली रिकामी दुकाने मागणीच्या अभावी रिकामी नव्हती.

भरभराटीची वर्षे

२००६ ते २०१२ हा काळ चांगला गेला. शनिवार-रविवारी तळघरातल्या पार्किंगची रांग सेवारस्त्यापर्यंत येई. हायपरमार्केटच्या महिन्याच्या वाणसामानाला येणारे कुटुंब वर फूड कोर्टमध्ये डोसा खाऊन आणि जाताना एखादा टी-शर्ट घेऊन जाई. मॉलचे सारे गणित या येता-जाताच्या खरेदीवर चालते. वाणसामान आणि सिनेमा माणसाला आत आणतात. छोटे दुकान त्या वर्दळीवर जगते. म्हणूनच मोठ्या दुकानाला कमी दराने जागा देतात आणि छोट्याकडून जास्त घेतात. भाड्याने चालणाऱ्या मॉलमध्ये एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते. येथे मोठ्या दुकानांचे भाडे विकासकाला मिळत होते आणि त्यांनी आणलेल्या वर्दळीचा लाभ दीडशे वेगळ्या मालकांना. हायपरमार्केट टिकवण्यासाठी विकासकाने पदरमोड करावी, असे कोणतेही कारण त्याला उरले नव्हते.

हुकलेली संधी : २००९

महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार किमान आवश्यक इतक्या खरेदीदारांनी जागा घेतल्यावर चार महिन्यांत सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करणे विकासकाचे कर्तव्य असते, आणि हा कायदा दुकानांनाही लागू होतो. येथे गाळेधारकांची प्रिमायसेस सोसायटी झाली ती २००९मध्ये, खात्रीच्या परताव्याची मुदत संपत आल्यावर. तोवर विकासकाची व्यवस्थापन कंपनी मॉल चालवत होती आणि गाळेधारक बहुतेक एकमेकांना ओळखतही नव्हते.

त्या वर्षी एका सनदी लेखापाल गाळेधारकाने सभेपुढे एक प्रस्ताव ठेवला. सर्वांनी आपापले गाळे भाड्याने देण्याचा अधिकार नऊ वर्षांसाठी एका सामाईक व्यवस्थेकडे सोपवावा. जमा होणारे भाडे मजल्यानुसार भार लावून वाटावे, तळमजल्याला शंभर टक्के, पहिल्याला साठ टक्के, दुसऱ्याला चाळीस टक्के. व्यवस्थेने दुकानांची रचना ठरवावी, म्हणजे चपलांची सहा दुकाने एका ओळीत येणार नाहीत. मॉल पूर्ण चालू स्थितीत होता, दोन्ही मोठे भाडेकरू जागेवर होते आणि बँका कर्ज द्यायला तयार होत्या. इतिवृत्तात या प्रस्तावावरची चर्चा दीड पानात संपते. तळमजल्यावरच्या गाळेधारकांचे म्हणणे एका वाक्यात नोंदले आहे: ‘आमच्या भाड्यावर दुसरा मजला आम्ही का पोसावा?’

प्रस्ताव बारगळला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. तळमजल्यावरच्या मंडळींचा आक्षेप त्या दिवशीच्या हिशेबाने बरोबर होता, कारण त्यांचे गाळे भरलेले होते. वरचे मजले रिकामे झाल्यावर एसी, सरकते जिने आणि सुरक्षारक्षकांचा खर्च आपल्याच अंगावर येणार, हे त्यांना कोणी आकडे मांडून दाखवले नाही. प्रस्ताव मांडणाऱ्याने उत्पन्नाचे वाटप समजावले, खर्चाचे समजावले नाही.

समस्या कशी वाढली

२००९मध्ये ठाण्यात कोरम मॉल आणि २०१३मध्ये पूर्व द्रुतगती महामार्गालगत विवियाना सुरू झाला. विवियाना सुमारे दहा लाख चौरस फुटांचा. दोन्ही ठिकाणी दुकाने विकलेली नव्हती, भाड्याने दिलेली होती. स्पर्धा आली हे खरे, पण तिचा फटका आपल्या मॉलला एका विशिष्ट जागी बसला: तयार कपड्यांचे नावाजलेले ब्रँड तिकडे गेले आणि त्यांच्या जागी कोणाला आणायचे हे ठरवणारा माणूस येथे नव्हताच. प्रत्येक गाळेधारकाने आपल्याला जो मिळाला तो भाडेकरू घेतला. मोबाइल दुरुस्ती, टॅटू, इमिटेशन दागिने, पुन्हा मोबाइल दुरुस्ती.

याच काळात मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ येथे उड्डाणपूल झाले. वाहतुकीला ते आवश्यकच होते. पण पूर्वी सिग्नलला थांबलेली गाडी मॉलचा फलक वाचत असे. आता ती पुलावरून निघून जाऊ लागली, आणि मॉलमध्ये यायचे तर आधीच सेवारस्त्याला लागायचे हे लक्षात ठेवावे लागे. पुढे मेट्रो-४च्या कामाचे पत्रे उभे राहिले तेव्हा ही अडचण आणखी वाढली.

घसरणीचा निर्णायक टप्पा २०१५मध्ये आला. हायपरमार्केटचा नऊ वर्षांचा करार संपत होता आणि नूतनीकरणासाठी त्यांनी तीस टक्के भाडेकपात मागितली. विकासकाने नकार दिला. सभेत यावर ‘विकासकाचा हेकेखोरपणा’ असा शेरा आहे, पण कागद वेगळे सांगतात. त्याने त्या भाड्याच्या तारणावर बँकेकडून कर्ज उचलले होते; भाडे तीस टक्क्यांनी उतरले असते तर बँकेने तेवढ्या प्रमाणात कर्ज आधी फेडायला सांगितले असते, आणि तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. रिकामी जागा कागदावर जुन्या भाड्याने दाखवणे त्याला कमी भाड्याने भरलेल्या जागेपेक्षा सोयीचे होते. हायपरमार्केट गेले. सोसायटीने त्या वेळी पुढाकार घेऊन कपातीतला काही भाग देखभाल खर्चातून सोसण्याची तयारी दाखवली असती तर बोलणे पुढे सरकले असते का? सांगणे कठीण आहे. पण तसे सुचवल्याची नोंद कुठेच नाही.

आता देखभालीचे गणित पाहू. तेव्हा सामाईक खर्च महिना सुमारे २१ लाख होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक विजेचा. दीड लाख चौरस फुटांवर वाटला तर फुटाला चौदा रुपये. हायपरमार्केटच्या रिकाम्या जागेचे शुल्क विकासकाने भरणे थांबवले, बंद गाळ्यांच्या मालकांनीही थांबवले, आणि भरणारे क्षेत्र एक लाखावर आले. खर्च जवळपास तसाच राहिला, कारण मधल्या चौकातली हवा थंड करायची तर पन्नास दुकाने उघडी आहेत की दीडशे, याने चिलरला, म्हणजे मध्यवर्ती एसीच्या गारवा तयार करणाऱ्या यंत्राला, फारसा फरक पडत नाही. शिवाय मोठ्या ग्राहकांच्या उच्चदाब वीजजोडणीवर मंजूर मागणीचा, म्हणजे वीज कंपनीकडून आधीच मंजूर करून घेतलेल्या कमाल वीजक्षमतेचा, स्थिर आकार वापर घटला तरी लागतोच. दर फुटाला एकवीस रुपये झाला. दोनशे फुटांच्या गाळ्याला महिना बेचाळीसशे रुपये देखभाल, आणि भाडे सहा हजार. या टप्प्यावर गाळेधारकाने शुल्क बुडवणे हे बेजबाबदार असले तरी अनाकलनीय नव्हते. सोसायटीने सहकार कायद्याखाली उपनिबंधकांकडून वसुलीचे दाखले मिळवले, पण त्यांची अंमलबजावणी रेंगाळली.

मग काटकसर सुरू झाली. दुपारी चारपर्यंत एसी बंद. वर जाणारा सरकता जिना चालू, खाली येणारा बंद. पुढे दोन्ही बंद. दुपारी येणारे होते कोण? महाविद्यालयातली मुले आणि उन्हाळ्यात गारव्याला येऊन बसणारे ज्येष्ठ नागरिक. दुकानदार त्यांना फुकटे म्हणत, पण फूड कोर्टमधला चहा, सरबत आणि सँडविच त्यांच्यावरच चालत होते. एसी बंद झाल्यावर ते आले नाहीत, फूड कोर्टचे चार ठेले वर्षभरात गेले, आणि जेवणाची सोय नाही म्हणून सिनेमाचा प्रेक्षकही दुसरीकडे वळला.

२०२० ते २०२१

२५ मार्च २०२०पासून टाळेबंदी लागली. राज्यात मॉल ५ ऑगस्ट २०२०ला उघडले, चित्रपटगृहे नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने. एप्रिल २०२१मध्ये सारे पुन्हा बंद. मल्टिप्लेक्स चालवणाऱ्या कंपनीने करार संपवला. विकासकाचे कर्ज थकले आणि थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँकेने हायपरमार्केट व मल्टिप्लेक्स या दोन्ही जागांचा प्रतीकात्मक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतल्याची नोटीस दारावर चिकटवली.

मार्च २०२१मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागून त्याच इमारतीतल्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. त्यानंतर जुन्या मॉलच्या अग्निसुरक्षेकडे सगळीकडेच बारकाईने पाहिले जाऊ लागले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६नुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सादर करावे लागते. येथे पंप नादुरुस्त होता, दुसऱ्या मजल्यावरच्या बाहेर पडण्याच्या जिन्यात एका गाळेधारकाचे कपड्यांचे गठ्ठे होते, आणि प्रमाणपत्र दोन वर्षे दिलेले नव्हते. त्यावरून आलेल्या वीजपाणी तोडण्याच्या नोटिशीने जे साधले ते बारा वर्षांच्या सभांनी साधले नव्हते: ऐंशीहून अधिक गाळेधारक एका जागी जमले.

विचारात घेतलेले पर्याय

सभा रिकाम्या फूड कोर्टमध्ये, मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली. अध्यक्षांनी संपूर्ण इमारत एखाद्या गुंतवणूकदाराला विकण्याचा विचार मांडला. तो लगेच मागे पडला, कारण दीडशे मालक, त्यातले काही परदेशात, दोघांच्या वारसांत वाद, आणि दोन जागा बँकेच्या ताब्यात अशा मालमत्तेला घेणारा मिळत नाही. पाडून पुनर्विकास करण्याची कल्पना अनेकांना आवडली. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटईक्षेत्राची आशा दाखवली होती. पण इमारत पंधरा वर्षांचीच होती आणि काम चालू असताना चार वर्षे शून्य उत्पन्नावर बसण्याची तळमजल्याची तयारी नव्हती. ग्राहक पेठ, फराळ महोत्सव, प्रदर्शने भरवून वर्दळ परत आणण्याचा आग्रह काही जुन्या दुकानदारांनी धरला.

पहिल्या मजल्यावर इमिटेशन दागिन्यांचे दुकान स्वतः चालवणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या, “अध्यक्ष साहेब, प्रदर्शन भरवा, नाही म्हणत नाही. पण माणूस खालीच फिरून जातो. जिना बंद. पायऱ्या चढून माझ्याकडे बांगडी घ्यायला कोण येणार? ज्याला यावंच लागतं अशा माणसाला वर बसवा.”

तळमजल्याचे एक मेडिकलवाले त्यावर म्हणाले, “ताई, यावंच लागतं असा माणूस म्हणजे डॉक्टर नाहीतर क्लासवाला.”

सल्लागार म्हणून मी जो आराखडा मांडला तो या दोन वाक्यांपलीकडे फारसा गेला नाही. वरचे मजले दुकानदारी सोडून सेवांकडे वळवायचे आणि तळमजला आतल्या चौकाकडे पाठ करून रस्त्याकडे उघडायचा. म्हणजे मॉल म्हणून ही इमारत संपली, हे मान्य करायचे. एवढे मान्य करायला सभेला तीन बैठका लागल्या. काहींना अजूनही ते पटलेले नाही.

केलेली कृती

आधी अग्निशमन यंत्रणा दुरुस्त केली. त्यासाठी प्रत्येकाकडून क्षेत्रफळानुसार एकरकमी वर्गणी घेतली आणि न देणाऱ्याला सामाईक व्यवस्थेत भाग नाही, असे ठरवले. या अटीमुळे वसुली आश्चर्यकारक वेगाने झाली.

त्यानंतर २००९चा प्रस्ताव आखडून पुन्हा पुढे आणला. या वेळी तळमजला त्यातून वगळला. फक्त दुसरा मजला आणि पहिल्याचा मागचा अर्धा भाग घेतला. येथील सत्तर मालकांपैकी अठ्ठावन्न जणांनी नऊ वर्षांसाठी भाड्याने देण्याचे अधिकार सोपवले. बहुमताच्या ठरावाने उरलेल्या बारा जणांवर सक्ती करता येत नाही, कारण गाळा ही ज्याची त्याची मालमत्ता आहे. त्याचा परिणाम नकाशावर स्पष्ट दिसतो. प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या क्लासला सलग तीन हजार फूट हवे होते. मधल्या भिंती काढून ते मिळाले, पण मधोमध असलेला एकशेवीस फुटांचा एक गाळा मालकाने दिला नाही. दोन वर्गखोल्यांमध्ये आजही ते बंद शटर आहे आणि मुले त्याला वळसा घालून जातात. भिंती काढण्यासाठी संरचना अभियंत्याचा दाखला आणि वापरबदलासाठी महापालिकेच्या शहर विकास विभागाची परवानगी घ्यावी लागली. तिला सर्वांत जास्त वेळ लागला.

तळमजल्यावर रस्त्याकडची काच काढून शटर बसवणे सोपे वाटले होते. इमारतीचे जोते सुमारे तीन फूट उंच आहे, आणि पायऱ्या बाहेर काढाव्यात तर समोरची मोकळी जागा अग्निशमन गाडीच्या मार्गाची. शेवटी पायऱ्या प्रत्येकाने आपल्या गाळ्याच्या आत घेतल्या आणि वीसेक फूट गमावले. दोघांनी नकार दिला. त्यांची दुकाने अजून चौकाकडेच उघडतात.

मध्यवर्ती एसी कायमचा बंद केला. चौकाच्या छताला वायुवीजनाच्या झडपा आणि मोठे पंखे बसवले, ज्याला हवा त्याने स्वतःचा एसी लावावा असे ठरले, आणि महावितरणकडे अर्ज करून मंजूर मागणी कमी करून घेतली. सरकते जिने मात्र दुरुस्त करून पुन्हा चालू केले. पैसे वाचवायचे तर जिन्यावर वाचवू नयेत, हे पहिल्या मजल्याने बारा महिने पटवून दिले होते.

परिणाम

सामाईक खर्च महिना नऊ लाखांवर आला. लिलावात हायपरमार्केटची जागा एका फर्निचर विक्रेत्याने घेतली आणि तो नियमित शुल्क भरतो. दर फुटाला आठ रुपयांच्या आत आला आहे. दुसऱ्या मजल्यावर क्लास, दातांचा दवाखाना, फिजिओथेरपी आणि रोगनिदान केंद्र आहे. पहिल्यावर व्यायामशाळा आणि बँकेची शाखा. तळमजल्यावरचे बहुतेक गाळे चालू आहेत आणि त्यांची भाडी २०१२च्या पातळीच्या वर गेली आहेत. दागिन्यांचे ते दुकान टिकले. क्लासला मुले सोडायला येणाऱ्या आया हे त्याचे आजचे मुख्य गिऱ्हाईक.

नवी अडचणही आली. तळघरे चारचाकींसाठी आखलेली आहेत आणि आता येणारी बहुतेक वर्दळ दुचाकींची आहे. संध्याकाळी सहाला क्लासची एक तुकडी सुटते आणि दुसरी येते, तेव्हा उतारावर स्कूटर अडकून पडतात. खालच्या तळघरात त्याच वेळी निम्मी जागा रिकामी असते, कारण एवढे खाली उतरायला कोणी तयार नसते.

गुंतवणूकदारांचे नुकसान भरून निघालेले नाही. चौदा लाखांच्या त्या गाळ्याला सामाईक व्यवस्थेतून सध्या साडेपाच हजार मिळतात आणि विकायचा म्हटला तर सोळा-सतरा लाखांपलीकडे कोणी जात नाही. मधली सारी भाडी धरूनही ही बेरीज बँकेतल्या मुदत ठेवीच्या जवळपास पोहोचत नाही.

वेगळे काय करता आले असते

गाळे विकायचेच होते तर विक्रीच्या करारनाम्यातच भाड्याने देण्याचा अधिकार ठरावीक काळ सामाईक व्यवस्थेकडे राहील, अशी अट घालता आली असती. खरेदीदार त्या वेळी खात्रीच्या परताव्याच्या मोहात होते; त्यांनी ती बिनबोभाट मान्य केली असती. खात्रीचा परतावा बाजारभाड्याच्या प्रमाणात दरवर्षी उतरता ठेवला असता तर तीन वर्षांनंतरचा धक्काही इतका बसला नसता.

२००९मध्ये तळमजल्याला वगळून प्रस्ताव का मांडला गेला नाही, हा प्रश्न मी जुन्या मंडळींना विचारला आहे. उत्तर असे मिळाले की तेव्हा सर्वांनी एकत्र असावे हेच तत्त्व म्हणून महत्त्वाचे वाटत होते. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते, पण त्या तत्त्वापायी बारा वर्षे गेली. काटकसरीचा क्रमही उलटा होता: एसीचे तास कमी करण्याआधी मंजूर मागणी घटवता आली असती, आणि तो खर्च गिऱ्हाइकाच्या नजरेलाही पडला नसता.

मल्टिप्लेक्सचा मजला अजून बँकेकडे पडून आहे आणि लिलावाला बोली आलेली नाही. तिथली उतरती बैठक सपाट करायची तर भराव टाकून चालणार नाही, तेवढे वजन स्लॅबला पेलणार नाही असा अभियंत्याचा अहवाल आहे. काँक्रीटच्या पायऱ्या फोडूनच काढाव्या लागतील. सोसायटीने तो मजला स्वतःच्या नावे घेण्यासाठी बँकेशी बोलणी करावीत, असा ठराव गेल्या सभेत मंजूर झाला. वर्गणीचा दर ठरायचा आहे, आणि सामाईक व्यवस्थेबाहेर राहिलेल्या बारा जणांपैकी चौघांनी त्यासाठी आपली नावे दिली आहेत.